लाखेवरची चिकटपट्टी

पोलीस ठाण्याच्या तळघरात एक लांबट खोली आहे आणि गेली चौदा वर्षं तिची किल्ली माझ्याकडे आहे. गुन्ह्यात सापडलेली प्रत्येक वस्तू खटला संपेपर्यंत तिथे राहते. सुरे, मोबाईल, रक्ताचे शर्ट, एकदा तर अख्खं शिलाई मशीन आलं होतं. कागदावर माझं पद मुद्देमाल कारकून असं आहे, पण ठाण्यात मला सगळे कपाटबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान शाबूत आहेत. मला त्याचा राग नाही. मला राग येतो तो वस्तू जागेवर नसल्या की.

या खोलीत सगळ्यात जास्त जागा खातात त्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पेट्या. बुटाच्या खोक्यापेक्षा थोड्या मोठ्या. एखाद्या बाईवर बलात्कार झाला की तिला इस्पितळात नेतात. तिथे ती तीन-चार तास उभी-आडवी राहून अंगाचा कोपरान् कोपरा तपासून घेते. डॉक्टर कापसाच्या काड्यांवर नमुने घेतात, नखांखालचं खरवडतात, केस घेतात, कपडे घेतात. सगळं कागदी पाकिटांत जातं, पाकिटं पेटीत जातात, पेटीच्या झाकणावर लाखेचं सील बसतं आणि त्यावर डॉक्टरांची सही होते. मग ती पेटी डीएनए तपासणीसाठी प्रयोगशाळेत जायला हवी. जायला हवी, असं मी म्हणते. प्रत्यक्षात ती माझ्याकडे यायची आणि माझ्याकडेच राहायची.

कारण निधी नाही. हे दोन शब्द मी इतक्या वेळा वाचलेत की माझं डोकं आताही भणभणतं. दरवर्षी मी यादी करून वर पाठवायची आणि दरवर्षी वरून उत्तर यायचं, सध्या निधी उपलब्ध नाही, पेट्या सुरक्षित ठेवाव्यात. त्याच काळात ठाण्याचं फाटक दोनदा रंगवून झालं, अंगणात कारंजं आलं. कारंज्यात पाणी कधी आलं नाही ते सोडा. पेट्या मात्र वाढत वाढत तीनशे बारा झाल्या.

त्या तीनशे बारांपैकी एकीची मालकीण मला ठाऊक होती. तिला मी मनातल्या मनात बटणवाली म्हणायची, कारण ती शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायच्या मशीनवर होती आणि तिच्या बाहीला कायम दोऱ्याची तुसं चिकटलेली असायची. अकरा वर्षांपूर्वी, ती चोविशीची असताना, दुसऱ्या पाळीवरून घरी जाताना तिच्यावर ते झालं. तोंड बांधलेला माणूस होता, तिला चेहरा दिसला नाही. पोलिसांनी थोडे दिवस शोधल्यासारखं केलं आणि फाईल बांधून ठेवली.

पुढच्या वर्षी बरोबर त्याच तारखेला, जेवणाच्या सुट्टीत, ती माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "वर साहेबांनी सांगितलं, पेटी तुमच्याकडे असते. माझी पेटी आहे ना?"

बाहेरच्या माणसाला पेटी दाखवायची परवानगी नाही. मी रजिस्टर उघडलं, नंबर पाहिला, आत जाऊन डोळ्यांनी पेटी पाहून आले आणि म्हणाले, "आहे."

"बरं," असं म्हणून ती गेली. त्यानंतर दरवर्षी तेच. ती विचारायची, मी आत जाऊन बघून यायची आणि सांगायची, आहे. ना जास्त ना कमी. एखाद्या वर्षी मी न बघताही सांगू शकले असते, पण तसं कधी केलं नाही. तेवढा एक शब्द खरा असावा असं मला वाटायचं.

आणि मग यंदा, माझ्या निवृत्तीला पाच महिने उरले असताना, सरकारनं निधी मंजूर केला. जुन्या सगळ्या पेट्यांच्या डीएनए तपासणीसाठी वेगळी रक्कम आली, वेगळी प्रयोगशाळा नेमली गेली, वेगळा कागद आला. तो कागद वाचून मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले आणि कुणी नव्हतं म्हणून चक्क टाळी वाजवली.

पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या मॅडम आल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या, हातमोजे, तोंडाला मास्क, बोलणं तुटक. बरोबर दोन ढकलगाड्या. त्या एकेक पेटी उचलायच्या, सील चारी बाजूंनी बघायच्या, नंबर जुळवायच्या आणि गाडीवर ठेवायच्या. माझं रजिस्टर चोख होतं. दोन दिवस एकही चूक निघाली नाही आणि मी, खोटं कशाला बोलू, थोडी फुगून गेले होते. तिसऱ्या दिवशी त्या टोकाच्या रॅकशी पोचल्या. पहिली पेटी हातात घेतली आणि थांबल्या. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

"लाखेवर ही चिकटपट्टी कुणी लावली?"

मी हातातलं रजिस्टर मिटलं.

सहा वर्षांपूर्वी खोलीच्या एका भिंतीतला पाण्याचा नळ फुटला होता. भिंतीला ओल आली आणि भिंतीलगतच्या पेट्यांची लेबलं सुटायला लागली. एका सकाळी एक लेबल मला जमिनीवर पडलेलं सापडलं. ते कोणत्या पेटीचं हे शोधायला मला अख्खा दिवस लागला. त्या दिवशी मला कळलं की या खोलीत लेबल म्हणजेच ती बाई. लेबल गेलं की ती कोण, कधीची, कुठली, काही राहत नाही. मी वर लिहिलं की भिंत दुरुस्त करा. उत्तर काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा. मग मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून पारदर्शक चिकटपट्टी आणली. तिथल्या एक्केचाळीस पेट्या पुसल्या, टोकाच्या कोरड्या रॅकवर हलवल्या आणि प्रत्येक लेबलावरून पट्टी ओढून बसवली. लेबल झाकणाच्या कडेला आणि कडेलाच लाखेचं सील. पट्टी दोन्हींवरून गेली. काम इतकं सुबक झालं होतं की मी दोनदा लांबून बघून घेतलं होतं.

मोठे साहेब तिथेच उभे होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "इथे तात्या म्हणून एक हवालदार होते. त्यांनी लावली असेल. ते वारले."

तात्या माझ्या जोडीला होते हे खरं, आणि वारले हेही खरं. बिचाऱ्यांनी आयुष्यात चिकटपट्टीला हात लावला नव्हता. ते टाचणीवाले होते.

मॅडमनी रॅकवरच्या पट्ट्या मोजल्या आणि मास्क खाली केला. "सीलवर काहीही चिकटवलेलं असलं की त्याचा अर्थ होतो, कुणीतरी पेटी उघडून पुन्हा बंद केली असू शकते. आरोपीचा वकील कोर्टात पहिला प्रश्न हाच विचारेल. कुणी लावली, कधी, कशासाठी, हे लेखी देणारा आणि कोर्टात उभा राहून सांगणारा माणूस पाहिजे. मेलेल्या माणसाला कोण उभं करणार? मला या एक्केचाळीस पेट्या अपात्र लिहाव्या लागतील."

"अपात्र म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्यांच्यावर निधी खर्च करता येणार नाही. सहा आठवड्यांनी यादी बंद होते. नंतर अपात्र पेट्या नष्ट करायच्या, असा नियम आहे."

त्या एक्केचाळिसांत वरच्या फळीवर, डावीकडून चौथी, बटणवालीची पेटी होती.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांना फक्त सगळे कागद झोपलेले हवे असतात. म्हणाले, "बाई, तुमचे पाच महिने राहिलेत. आता मी लावली म्हणालात तर पुराव्याशी छेडछाड म्हणून चौकशी लागेल, निवृत्तीचे कागद अडकतील. तात्यांना आता काय फरक पडतो? दोनशे एकाहत्तर पेट्या जातायत, हे काय थोडं झालं?"

मी मान हलवली. हो, मीच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर तोंडसुख घेणारी मी, मुकाट्यानं मान हलवून घरी आले. घरी आमचे हे, म्हणजे निवृत्त मास्तर, यांनी विचारलं, "आज गप्प का?" मी म्हटलं, दाढ दुखतेय. पुढचे आठ दिवस माझी दाढ दुखत राहिली. मी झोपायची, उठायची, डबा भरायची आणि मनात एकच हिशोब मांडायची की यात माझा दोष किती. लेबलं पडू दिली असती तर पेट्या बेनामी झाल्या असत्या. सांभाळल्या तर अपात्र झाल्या. भिंत ज्यांनी दुरुस्त केली नाही त्यांना कुणी काही विचारणार नाही. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चीड माझ्या त्या सुबक कामाची येत होती.

नवव्या दिवशी ती तारीख आली. मी विसरले नव्हते. फक्त ती येऊ नये असं पहिल्यांदाच वाटत होतं. पण जेवणाची सुट्टी झाली आणि ती आली. बाहीला तुसं होती. कानांजवळचे केस आता पांढरे व्हायला लागले होते.

"माझी पेटी आहे ना?"

मी सवयीनं आत गेले. पेटी पाहिली. पट्टीखाली डॉक्टरांची सही स्वच्छ दिसत होती. बाहेर आले. "आहे," म्हणाले.

एरवी ती बरं म्हणून जायची. त्या दिवशी गेली नाही. "मशीनवरच्या बायका सांगत होत्या, सरकारनं पैसे दिलेत म्हणे. जुन्या पेट्या तपासणार. माझी कधी जाणार?"

मी पुन्हा आहे म्हणू शकत नव्हते. मी खिडकीशेजारचं दार उघडलं आणि तिला आत माझ्या टेबलाशी बसवलं. नियमात ते बसत नव्हतं. मग सगळं सांगितलं. नळ, ओल, जमिनीवर पडलेलं लेबल, चिकटपट्टी, अपात्र. "पट्टी मी लावली," म्हटलं. "आणि ते दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिला राग आला होता, आणि तो तिनं आवाज न चढवता माझ्या पदरात घातला.

"इस्पितळात मला थंडी वाजत होती," ती म्हणाली. "चार तास. अंगावर फक्त कागदाचा झगा. डॉक्टरीणबाई सारखं म्हणत होत्या, अजून थोडं, एवढं केलंत की तो सापडेल. म्हणून केलं मी. नाहीतर कधीच उठून गेले असते. आणि मग अकरा वर्षं तुमच्याकडून 'आहे' ऐकून जाते. वर्षभर पुरतं मला ते. तुम्हाला काय वाटलं, मी इथे पुठ्ठा आहे की नाही ते विचारायला येते?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते तोंडानं द्यायचं नव्हतं. ती गेली आणि मी तशीच जिना चढून साहेबांकडे गेले. पट्टी मी लावली, मी लिहून देणार, म्हणाले. साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, विचार करा." मी म्हटलं, "नऊ दिवस तेच केलं."

रात्री मास्तरांना सांगितलं. दाढेचंही सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते नुसतेच चष्मा पुसत बसले. मग माझा कागद मागून घेतला, तांबडं पेन काढलं आणि लिहिलेलं वाचायला लागले. "हे 'नाइलाजानं' कशाला लिहिलंस? काढ ते. स्वतःची वकिली करू नकोस, घडलं तसं लिही." तीन वेळा कागद परत केला त्यांनी. चौथ्या वेळी खाली बरोबरची खूण केली आणि लगेच लाजून खोडली.

तो कागद घेऊन मी स्वतः प्रयोगशाळेत गेले. मॅडमनी तो दोनदा वाचला. "लेखी मिळालं, चांगलं झालं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही खरं सांगताय याला आधार काय? वकील म्हणेल, बाई ठाण्याची अब्रू झाकतायत." मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. मग त्यांनी कागद पुन्हा उचलला आणि एकदम विचारलं, "पट्टी लावताना तुम्ही हातमोजे घातले होते?"

"मी? चिकटपट्टीला? हातमोज्यांना ती चिकटून बसते. दातानं तोडली मी प्रत्येक."

त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "उत्तम," म्हणाल्या.

त्यांनी माझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. मग त्या एक्केचाळीस पेट्या मागवून घेऊन आठ दिवस त्यांनी एकेक पट्टी गोठवून सैल करून, चिमट्यानं धरून, कॅमेरा लावून काढली. पट्टीच्या चिकट बाजूला बोटाचा ठसा वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो, हे मला माहीत नव्हतं. एक्केचाळीस पट्ट्या आणि एक्केचाळिसांवर माझाच अंगठा, टोकाला माझेच दात, दुसऱ्या कुणाचं नखसुद्धा नाही. त्याखाली लाख अखंड, सही अखंड. पट्टी एकदाच लागली होती आणि पुन्हा कधी निघाली नव्हती. यादी बंद व्हायला चार दिवस असताना मॅडमनी एक्केचाळिसांपुढचा अपात्र शब्द खोडला आणि मला सांगितलं, "पुन्हा कधी काही सांभाळायचं झालं तर आधी विचारा." मी मुकाट ऐकून घेतलं. त्यांचा तो हक्कच होता.

माझी चौकशी लागली. दोन सुनावण्या झाल्या, कागद थोडे अडकले, शेवटी लेखी ताकीद मिळाली. चौदा वर्षांच्या नोकरीतला माझ्या नावावरचा तो एकमेव डाग. मास्तरांनी ती ताकीद वाचून भाषा बरी आहे म्हटलं. पण कोर्टात कधी बोलावतील तेव्हा जावं लागेल, आणि मी जाणार आहे.

माझ्या शेवटच्या आठवड्यात, आपली तारीख नसताना, बटणवाली आली. खिडकीशी उभी राहिली. सवयीनं तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मीच म्हटलं, "नाही. गेली तुमची पेटी."

"माहीत आहे. घरी येऊन सांगितलं त्यांनी." तिनं खिडकीची चौकट धरली होती. "सापडला. आधीच तुरुंगात आहे, दुसऱ्या कशासाठी तरी. आता माझाही खटला उभा राहणार." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणखी एक पेटी त्याचीच निघाली म्हणाले. माझ्यानंतर चार वर्षांनी."

मला ते मॅडमकडून कळलं होतं. त्या दिवशी मी रजिस्टर बंद करून नुसतीच बसून राहिले होते. निधी नाही, निधी नाही, असं लिहिणाऱ्यांपैकी एकाला तरी त्या दुसऱ्या बाईसमोर उभं करून ते वाक्य मोठ्यानं वाचायला लावावं, असं मला वाटलं होतं. अजून वाटतं.

"मला बघता येईल?" तिनं विचारलं. "पेटी नाही. जागा."

रिकामी जागा दाखवू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही. मी तिला आत नेलं. टोकाच्या रॅकच्या फळ्यांवर धूळ होती आणि धुळीत चौकोनी स्वच्छ ठिकाणं होती, एक्केचाळीस पेट्या जिथून उचलल्या तिथे. मी वरच्या फळीवरचं डावीकडून चौथं दाखवलं. तिनं त्यावर हात ठेवला. चौकोन हाताच्या दोन विती भरला.

"एवढीशीच जागा?"

"एवढीशीच."

हात न उचलता तिनं विचारलं, "आणि तिची?"

नाव सांगायची मला बंदी आहे. नाव मी सांगितलं नाही. मी खालच्या फळीकडे बोट केलं. त्या दोन पेट्या मीच तशा एकीखाली एक लावल्या होत्या, ओल पुसताना, हाताला येईल तशा.

"ती यायची का विचारायला?"

"कधीच नाही आली."

तिनं खाली वाकून पाहिलं. मग पिशवीतून रुमाल काढला आणि खालच्या फळीवरच्या चौकोनाभोवतीची धूळ नीट पुसून घेतली.

"ती आली तर तिला सांगाल? वरच्या फळीवरची मी होते म्हणून. खटल्यात मीही उभी राहणार आहे, हे तिला कळू दे."

माझी नोकरी शुक्रवारी संपत होती. मी टेबलाशी येऊन नव्या कारकुनासाठी ठेवलेल्या सूचनांच्या कागदावर सगळ्यात वर तिचा निरोप लिहिला, त्याखाली तिचा फोन नंबर लिहिला आणि कागद टाचणीनं रजिस्टरला लावला.